टाकी भरलेली आहे

श्रीरंग सरांना ड्रायव्हर लिहिता येत नव्हता, पण ड्रायव्हर कसा लिहावा यावर तासभर बोलता यायचं. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या तीन खोल्यांच्या कंपनीचे ते मालक, मी नोकरदार. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण ज्याने काढली त्याने यांच्या केबिनमध्ये एखादी मीटिंग सोसलेली असावी.

त्या दुष्काळात आम्ही गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांवर पेट्या बसवत होतो. पेटी टाकीतलं पाणी मोजायची, आकडा मेमरी कार्डावर लिहायची आणि कार्डावरचा शेवटचा आकडा मोबाईल नेटवर्कवरून सरकारी कचेरीत पाठवायची. तिथल्या पडद्यावर टाकी भरलेली असली की गाव हिरवं, रिकामी असली की लाल. टँकर फक्त लाल गावाला सुटायचा.

मध्येच जुनी चिप बाजारात मिळेनाशी झाली. नव्या चिपमध्ये कार्ड सांभाळणारा कंट्रोलर आणि कार्ड यांच्यामध्ये आणखी एक सर्किट होतं. त्याला फाय म्हणतात. कंट्रोलरने हुकूम द्यायचा आणि फायने तो विजेच्या रूपात कार्डापर्यंत पोचवायचा. या फायला आधी स्थिर होऊ द्यावं लागतं, आणि उन्हाने तापलं की ते लवकर स्थिर होत नाही. जुन्या ड्रायव्हरला हे प्रकरणच माहीत नव्हतं, ते शिकवायचं काम माझं. मी ते नीट केलं. फाय स्थिर होईपर्यंत थांबायचं, नाहीच झालं तर वेग कमी करून लिहायचं, तरीही जमलं नाही तर जमलं नाही असं कळवायचं. यात हुशारी काहीच नाही. न लिहिलेलं लिहिलं म्हणू नये, एवढं तर शाळेत शिकवतात.

सरांना ते थांबणं खटकलं. "सुरू केल्यावर पेटी किती वेळ मख्ख बसते गं. साहेब लोकांसमोर कसं दिसेल?" त्यांनी माझ्या ओळी काढल्या आणि एकच ओळ घातली. फाय काहीही म्हणो, ड्रायव्हरने उत्तर द्यायचं, सगळं ठीक. म्हणजे नवा आकडा लिहिला गेला नाही, तरी टाकी भरलेली असतानाचा जुनाच आकडा कचेरीत जात राहणार. मी भांडले. त्यांनी चहा मागवला. पेट्या तशाच गेल्या.

माझ्या शेजारी आकाश बसायचा, गंगापूरकडच्या एका वस्तीतला. मे महिन्यात त्याच्या आईचा, गोजरबाईंचा फोन आला. त्याने स्पीकरवर घेतला.

"आरं, टँकर का येईना? टाकी कोरडी ठणठणीत हाय. पोरं आत उतरून खेळायलीत."

आकाशने कचेरीचा तो पडदा आमच्या कॉम्प्युटरवर उघडून गाव काढलं. हिरवं होतं. टाकी भरलेली.

"मंग पाणी कुठून आणायलीस, माय?"

"खालच्या हिरीवरून. लई लांब हाय. काल रत्नमाला हंडा घिऊन पडली."

रत्नमाला म्हणजे आकाशची बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आकाश तसाच उठून केबिनमध्ये गेला.

"गावचे लोक जास्तीच्या टँकरसाठी काहीही सांगतात," सर म्हणाले. "मशीन खोटं बोलत नाही." मशीनला खोटं बोलायला शिकवणारा माणूस हे म्हणत होता, आणि म्हणताना बिस्कीट खात होता.

सर शेंद्र्याच्या रस्त्यावरच्या नव्या सोसायटीत राहायचे. शहर तिकडे वाढलं होतं, नळ वाढले नव्हते. तिथेही आमचीच पेटी होती आणि टँकर याच पडद्यावरून सुटायचा. गुरुवारी सकाळी सर अंघोळ न करता आले.

"नीरजा, आमची टाकी रिकामी आहे आणि पडद्यावर भरलेली दिसतेय. तुझा जुना कोड आमच्या पेटीत टाक."

"आणि गावांच्या?"

"त्या राहू देत. उद्या मोठ्या साहेबांना दाखवायचंय. हिरवं दिसतंय ते बरंय."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे लहानपणापासून ऐकत आले होते. पण पारोशा तोंडाने इतकं सहज म्हणणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. मला त्यांची किळस आली. मी "बरं सर" म्हणाले.

आकाश आणि मी बसलो आणि माझा कोड नेटवर्कवरून गावांच्या पेट्यांमध्ये चढवला. दुपारपासून गावं एकेक करून लाल होत गेली. संध्याकाळी गोजरबाईंचा फोन आला, टँकर आला म्हणून. सोसायटीच्या पेटीला मात्र मी हात लावला नाही. सरांच्या शेजाऱ्यांचं वाईट वाटलं, पण ते बाटलीबंद पाणी विकत घेऊ शकत होते.

शुक्रवारी सर मला घेऊन कचेरीत गेले. त्यांनी सुरुवातच केली, "मशीन खोटं बोलत नाही, साहेब," आणि पडदा लावला. सगळा लाल. सरांचं तोंड उतरलं.

"एवढी गावं कोरडी आहेत?" साहेब म्हणाले, आणि तिथूनच फोन करून टँकर वाढवायला सांगितलं. मग सरांकडे वळून म्हणाले, "चांगलं काम केलंत."

सर फुलले. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. हिमानीताई, त्यांच्या पत्नी. आवाज सगळ्यांना ऐकू आला. पाण्याचा थेंब नाही, टँकर आजही आला नाही, मुलांना अंघोळ कशी घालू?

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. खालच्या कोपऱ्यात एकच हिरवी ओळ होती. "तुमची सोसायटी हीच ना? टाकी तर भरलेली दिसतेय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हरमधली 'सगळं ठीक' ही ओळ आपणच घातली, एवढं सांगितलं असतं तर तासाभरात टँकर दारात होता. मी वाट पाहिली.

"भरलेलीच आहे, साहेब," सर म्हणाले. "आमच्या मिसेसनी नीट बघितलं नसेल."