माझ्यामागची खिडकी

मित्रांनो, माझे वय मला कोणी विचारत नाही. माझा खडखडाट ऐकला की ते आपोआप कळते. मी पत्र्याचा कूलर आहे, नागपूरच्या जरीपटका भागातल्या एका छपाईच्या दुकानात खिडकीत बसवलेला. माझ्यासारख्याने आपली कहाणी सांगावी की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. पण गप्प राहून राहून आता माझा जीव वैतागला आहे.

याच शहरातल्या एका पत्राकाम करणाऱ्याने मला ठोकून घडवले. आत टाकी, पंप, मोटार आणि तीन बाजूंना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या. पहिल्या उन्हाळ्यात दुकानाचे मालक प्रेमानंदभाऊ यांनी मला झेंडूचा हार घातला. काम संपले तरी गिऱ्हाइके उठत नसत. "काय थंडा वारा आहे गा!" असे म्हणत. स्तुती कोणाला आवडत नाही? मीही फुगलो. पुढे कौतुक सरले. हिवाळ्यात माझ्यावर जुना बॅनर टाकत, पण खिडकीतून मला कधी काढत नसत. कोण काढणार आणि कोण पुन्हा चढवणार! आमच्या नागपुरात अशा कितीतरी खिडक्या बारा महिने बंदच असतात.

माझ्यासमोर संगणकावर सिंधूताई बसत. लग्नपत्रिका, शोधनिबंध, वास्तुशांतीची निमंत्रणे, सगळे त्याच जुळवत आणि गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवत. मला अक्षर ओळखता येत नाही, पण ऐकून ऐकून थोडेफार शिकलो. निदान मला तसे वाटते.

आता त्यांच्या बसण्याची मांडणी ऐका आणि तुम्हीच सांगा. जुना झाल्यावर माझ्या तोंडातून पाण्याचे शिंतोडे उडू लागले. ते संगणकावर पडू नयेत म्हणून काय करावे? माझे तोंड फिरवावे. पण नाही! प्रेमानंदभाऊंनी संगणकाचा पडदाच कागदाच्या खोक्यावर चढवला. सिंधूताईंचा चष्मा दोन भागांचा, जवळचे दिसते ते खालच्या भागातून. त्यामुळे त्या दिवसभर हनुवटी वर करून बसत. माझ्या झडपा गंजून अडकलेल्या, म्हणून सगळा वारा थेट त्यांच्या डोळ्यांत. माझा वारा ओलसर खरा, पण वारा तो वाराच. डोळ्यांतले पाणी तो उडवतोच. त्यातून त्या अक्षरांत अशा गढून जात की पापणी मिटायलाही विसरत. मग डोळे लाल होत, चुरचुरत, कपाळ ठणके. त्यावर त्यांचा उपाय काय? डोळ्यांना थंडावा मिळावा म्हणून त्या मला आणखी जोरात लावत! मी ओरडत होतो, अहो, माझ्यासमोरून उठा! पण माझे ओरडणे म्हणजे खडखड. तिला उत्तर म्हणून माझ्या पत्र्यावर एक चापट बसे.

शेवटी त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या.

"नंबर तोच आहे म्हणे," त्यांनी सांगितले. "डॉक्टर म्हणाले, दर वीस मिनिटांनी नजर उचला अन् दूर पाहा."

"मंग पाहा न, ताई. कोणी मना केलं?" प्रेमानंदभाऊ मोबाइलमधून मान न काढता म्हणाले.

"कुठं पाहू? खिडकीत हा बसला आहे."

"भिंतीवर कॅलेंडर आहे नं."

भिंत हातभर अंतरावर होती. मित्रांनो, मला हसावे की रडावे ते कळेना.

आणि व्हायचे तेच झाले. एका जुन्या पत्रिकेवरून नवी तयार करताना सिंधूताईंच्या थकलेल्या नजरेतून एक ओळ निसटली आणि जुन्याच हॉलचे नाव तसेच राहिले. सगळ्या पत्रिका छापून झाल्यावर नवरीचे वडील, विश्वनाथजी, त्या घेऊन दुकानात आले.

"लग्न रामटेकले अन् कार्डावर हॉल बेसाचा! माझे व्याही बेसात जाऊन बसतीन, तर मी नवरदेव कुठून आणू जी?"

पत्रिका पुन्हा छापून दिल्या. ते गेल्यावर प्रेमानंदभाऊ हळू आवाजात म्हणाले, "ताई, सोमवारपासून रीना बसंल मशीनवर. तुमी कार्डांच्या घड्या घाला." रीना म्हणजे त्यांची पुतणी. सिंधूताईंचे सगळे आयुष्य त्या खुर्चीत गेले होते. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. ते पाणी माझ्या वाऱ्याचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी माझी मोटार जळाली. कूलर दुरुस्त करणारा नागसेन आला. त्याने मला खिडकीतून उतरवून कोपऱ्यात ठेवले आणि मोटार घेऊन गेला. कित्येक वर्षांनी त्या खिडकीतून उजेड आत आला. तो सरळ तोंडावर येऊ लागला, म्हणून सिंधूताईंनी टेबल आडवे केले. आता खिडकी त्यांच्या डाव्या हाताला आली. शिंतोडे उडायचे नव्हते, म्हणून खोकेही काढून टाकले. पडदा खाली आला तशी त्यांची हनुवटीही खाली आली. घामाने त्या निथळत होत्या, पण मधूनमधून मान वळवून रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाकडे बघत होत्या.

संध्याकाळी त्यांनी आपल्या डोळ्यांना हात लावून पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मी पत्र्याचा असूनही अवघडलो.

शनिवारी नागसेन मोटार घेऊन आला आणि मला उचलून खिडकीकडे निघाला. सिंधूताई वाटेत उभ्या राहिल्या.

"इथं नाही."

"काहून जी?" प्रेमानंदभाऊ म्हणाले. "त्याची जागाच ती आहे!"

"जागा त्याची असंल, भाऊ. डोळे माझे आहेत. तीन दिवस चुरचुरले नाहीत. मागच्या दारात बसवा, वारा पाठीले लागू द्या. अन् मंग द्या मले कोणतंही कार्ड. एक चूक निघाली, तर घड्या घालीन."

भाऊंनी मुद्दाम सर्वांत मोठी पत्रिका दिली, दोन्हीकडच्या काका-मामांच्या नावांनी गच्च भरलेली. सिंधूताईंनी ती जुळवून मोठ्याने वाचली. भाऊ मूळ कागदावर बोट ठेवून ऐकत होते. बोट कुठेही अडले नाही. ते घसा खाकरून नागसेनला म्हणाले, "बसव गा मागच्या दारात."

मित्रांनो, खिडकीचा मान गेला याचे मला थोडे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण तुम्हीही तासन्‌तास पडद्यासमोर बसता, म्हणून हात जोडून सांगतो. पंखा असो वा कूलर, त्याचा वारा डोळ्यांवर घेऊ नका. पडदा नजरेच्या किंचित खाली ठेवा. दूर बघायला एखादी खिडकी मोकळी सोडा. इतके साधे कळायला दरवेळी कोणाची तरी मोटार जळायलाच हवी का?

सोमवारी रीना आली. भाऊंनी तिच्यासाठी दुसरी खुर्ची आणून सिंधूताईंच्या शेजारी ठेवली. ती बसली आणि डोळे ताणून पडद्याकडे बघू लागली.

"अशी वटारून नको पाहू वं," सिंधूताई म्हणाल्या. "पापणी मीट. कार्ड कुठं पळून नाही चाललं."