सवतीचा टाक

भंवरीबाई एका मेलेल्या बाईवर जळत होती, आणि ही गोष्ट तिनं स्वतःपाशी कधी नाकारली नाही. जिवंत सवत असती तर दोन भांडणं करून मोकळी झाली असती. पण मेलेलीशी भांडायचं कसं? ती ना म्हातारी होते, ना तिची भाजी कधी खारट होते.

जुन्या जालन्यात शिवनारायणचं कापडाचं दुकान होतं. धापूबाई ही त्याची पहिली बायको. चार वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतताना शहागडपाशी त्यांची जीप गोदावरीत गेली. शिवनारायण वाचला; धापूचा हात त्याच्या हातातून सुटला. दोन वर्षांनी घरच्यांनी त्याला भंवरी करून आणली आणि घराण्याच्या रिवाजाप्रमाणं पहिलीचा चांदीचा टाक तिच्या गळ्यात घातला. बोटाच्या पेराएवढी बाई, डोक्यावर पदर, पाठीमागं 'धा' असं अक्षर. दुसरेपणावर आलेल्या बाईनं तो गळ्यात वागवायचा, पहिला घास त्याला दाखवायचा, मग आपण जेवायचं. सण असो की सुतक, मान सवतीचा.

तेही भंवरीनं मुकाट केलं असतं. पण नवरा तिच्याशी बोलायचा तो टाकाकडं बघून. "चहा दे" म्हणायचा टाकाला, "दिवा लाव" म्हणायचा टाकाला. दोन वर्षांत यानं माझं नाक कसं आहे हे तरी पाहिलंय का, अशी तिला शंका यायची.

पुढं पुढं तो तेवढंही बोलेना. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला तरी थरथरायचा, अंघोळीचं नाव काढलं की भिंतीला चिकटायचा, दिवसभर कापडाच्या गठ्ठ्यांमागं बसून राहायचा. शेवटी धाकटा भाऊ गोपीकिशन त्याला कुंडलिका नदीपलीकडच्या नव्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथला डॉक्टर मुंबईला शिकून आलेला. आधी झोपेचं इंजेक्शन, मग डोक्याला दोन चकत्या लावून क्षणभर विजेचा झटका, असा त्याचा इलाज. चकत्या डोक्याच्या एकाच बाजूला लावल्या तर माणूस किती विसरतो आणि दोन्ही बाजूंना लावल्या तर किती, याचा तो अभ्यास करत होता. त्यासाठी प्रत्येक झटक्याच्या आधी आणि नंतर नर्स उषाबाई रोग्याला प्रश्न विचारून कागदावर लिहायची. नाव? गाव? बायकोचं नाव?

पहिली दोन उत्तरं शिवनारायण पटकन द्यायचा. तिसऱ्याला थांबायचा, आढ्याकडं बघायचा, मग म्हणायचा, "भंवरी." उत्तर बरोबर, पण ते थांबणं भंवरीच्या काळजात सलायचं. थांबून तो कुणाला बाजूला सारतो, हे काय तिला कळत नव्हतं?

एका बाजूनं तीन झटके झाले. फरक थोडा. डॉक्टरांनी भंवरीला आणि गोपीकिशनला बोलावलं.

"दोन्ही बाजूंनी दिला तर लवकर उठतील. पण विसरणं वाढतं. महिना-दोन महिन्यांनी बरंच परत येतं, सगळं येईलच असं नाही."

"साहेब," गोपीकिशन म्हणाला, "न विसरता काही जमत न्हाई का?"

"दोन्ही बाजूंनी द्या," भंवरी मध्येच बोलली.

"काय विसरतील ते ऐकून तर घ्या, बाई," डॉक्टर म्हणाले.

"विसरू द्या. बिलकुल हरकत न्हाई. माणूस जगला पाहिजे."

माणूस जगावा हे खरंच होतं. पण खरं कारण पदराआड होतं. कापडवाल्याच्या घरात वाढलेल्या भंवरीला एक नियम पक्का ठाऊक होता : कापडाचं जुनं थान आधी विकून काढायचं. डोक्यातही तसंच असणार. जुनी आधी जाईल, नवी राहील. गोपीकिशननं सही केली.

झटक्याच्या वेळी रोग्याच्या अंगावर धातू नको, असं उषाबाई म्हणाली. रोग्याच्या, असंच म्हणाली होती. भंवरीनं मात्र आपल्या गळ्यातला टाक काढला आणि ओढणीच्या टोकात बांधून करकचून गाठ मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिची मान हलकी झाली.

चौथ्या झटक्यानंतर शिवनारायण सकाळी उठला, नळाखाली तोंड धुतलं आणि कचोरी मागितली. गोपीकिशन दाराआड जाऊन रडला. भंवरी ओढणी मागं सारून, चेहरा उघडा ठेवून नवऱ्यासमोर उभी राहिली. उषाबाई कागद घेऊन आली.

"नाव?"

"शिवनारायण."

"गाव?"

"जालना."

"बायकोचं नाव?"

या वेळी तो थांबला नाही. "धापू," म्हणाला. मग भंवरीकडं बघून अदबीनं हात जोडले. "बाई, तुम्ही कुणाकडच्या? आमच्या मंडळीला जरा निरोप धाडा. ती आल्याबिगर मी जेवत न्हाई."

बाहेर डॉक्टरांनी समजावलं. अलीकडचं आधी पुसलं जातं. जुनं खोल रुतलेलं असतं.

"म्हंजे दुकानाच्या उलट," भंवरी म्हणाली.

"भाभी, धापूभाभी गेली हे मी सांगतो त्याला," गोपीकिशन म्हणाला.

"अन् मी कोण, ते कसं सांगाल?"

 आत ताट निवत होतं आणि शिवनारायण दाराकडं डोळे लावून बसला होता. आता हिनं तोंडानं लाख सांगितलं, तरी तो एका परक्या बाईला बायको कशाला मानेल? भंवरीला स्वतःचा असा राग आला की तिथंच कपाळ बडवून घ्यावं. सवतीला पुसायला गेली आणि स्वतः पुसली गेली.

तिनं ओढणीची गाठ सोडली. टाक आपल्या हातानं गळ्यात घातला. हे आजवर कुणी तिला आपणहून करताना पाहिलं नव्हतं. मग आत जाऊन ती नवऱ्यासमोर बसली.

त्याची नजर टाकावर गेली. हा टाक कोण घालतं, हे त्या घरात पोरासोरांनाही सांगावं लागत नाही. त्यानं तो हातात घेतला, उलटला, 'धा' वाचलं. बराच वेळ अंगठा अक्षरावरून फिरत राहिला. डोळे भरले.

"कधी गेली?"

"चार वर्षं झाली."

"अन् तुला येऊन?"

"दोन."

त्यानं टाक सोडला आणि मान वर करून तिच्या तोंडाकडं पाहिलं, जणू आजच लग्न लागलं होतं.

"नाव काय तुझं?"

"भंवरी."

"भंवरी," तो म्हणाला, आणि पाठ करावं तसं पुन्हा म्हणाला.

ताट पुढं ओढून भंवरीनं घास मोडला. हेवा कुठं गेला नव्हता, जागच्या जागी होता. पण कुणी न सांगता तिनं तो पहिला घास टाकाला दाखवला आणि ऐकू येईल न येईल असं म्हणाली, "आज ओळख तू करून दिलीस, बाई. उद्याचं उद्या बघू."