सोनालीच्या मापाचा कोट

मी कोट बोलतोय. माझ्या गळ्यापाशी कुठल्या कंपनीचं नाव शिवलेलं नाही. लोहाऱ्याच्या बाजारगल्लीत जाफर शिंप्यांच्या मशीनवर मी तयार झालो. शेवाळी रंगाचं जाड लोकरी कापड, आतून फ्लॅनेलचं अस्तर, पुढं सहा मोठी बटणं. कापड जाफरभाईंनी बेतलं, काजं त्यांच्या बायकोनं, म्हणजे फरिदाबींनी, केली.

मला शिवून घेतलं अमरनाथनं. तो पेपर टाकायचा. पहाटे पाचला एसटीतून गठ्ठे उतरायचे, ते सोडून, लावून, सायकलच्या पिशव्यांत भरून तो निघायचा. लोहारा गाव आणि पुढच्या दोन वाड्या. मराठवाड्यात कसली आलीय थंडी, असं बाहेरचे लोक म्हणतात. त्यांनी पौषात सूर्य उगवायच्या आधी आमच्या उघड्या माळावरून सायकल चालवून बघावी. उभ्या माणसाला जो गारवा बरा वाटतो, तोच सायकलवर बसल्यावर बाहीतून, गळ्यातून, पाठीकडून आत शिरतो आणि बोटं ब्रेक दाबायची विसरतात.

पाच हिवाळे मी अमरनाथच्या अंगावर काढले. तो रुंद खांद्याचा, कमी बोलणारा माणूस. सहाव्या हिवाळ्यात एके दिवशी पेपर लावता लावता तो स्टँडवरच्या बाकावर टेकला, आणि उठला नाही. एकेचाळीस वर्षांचा होता. दवाखान्यात नेलं तेव्हा काही उरलं नव्हतं. तिथल्या नर्सबाईंनी मला त्याच्या अंगावरून काढलं, नीट घडी घातली आणि बाहेर बसलेल्या त्याच्या आईच्या मांडीवर ठेवलं. मी अजून कोमट होतो. त्या माउलीनं, हरणाबाईंनी, मला छातीशी धरलं, आणि त्यांना ती ऊब कळली. ती हळूहळू गेली, तेही कळलं.

घरी आल्यावर त्यांनी मला पत्र्याच्या पेटीत ठेवलं. धुतलं नाही. दर चौथ्या-पाचव्या दिवशी पेटी उघडायच्या, माझ्या गळ्याच्या पट्टीला नाक लावायच्या आणि पुन्हा झाकण लावायच्या.

अमरनाथची बायको सोनाली. घरात नऊ वर्षांची मुलगी सृष्टी. तेरावा झाल्यावर सोनाली पेपरचे एजंट बंडप्पा यांच्याकडं गेली आणि म्हणाली, "अण्णा, ह्यांची लाइन मी चालवते." बंडप्पा वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी आधी बाहेर बघितलं, मग तिच्याकडं. "उन्हाळ्यात जमंल बाई. थंडीत न्हाय जमायचं. पेपर सातच्या आत पडला न्हाय तर लोक बंद करतेत." तरी त्यांनी लाइन दिली. सोनालीनं नवऱ्याची दांड्याची सायकल देऊन लेडीज सायकल घेतली, साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालायला लागली, आणि उन्हाळा-पावसाळा निभावून नेला.

पुढचं मी पेटीत पडून ऐकलंय. पत्रा पातळ असतो, घरातलं सगळं ऐकू येतं.

दिवाळीनंतर वारा सुटला. सोनालीनं आधी दोन स्वेटर एकावर एक चढवले. काखेत इतके दाटले की हात पुढं जाईना, आणि चढाला घाम येऊन उतारावर तोच घाम गार पडायचा. मग तिनं आठवडी बाजारातून एक पुरुषी जाकीट आणलं. खांदे तिच्या खांद्यांच्या खाली लोंबायचे. वारं भरलं की पोत्यासारखं फुगायचं. वाकून हँडल धरलं की पाठीमागं कंबर उघडी पडायची. बाह्या मात्र ढिल्या होऊन बोटांवर घसरायच्या. एका सकाळी ओढ्याच्या पुलाच्या उतारावर ती बाही ब्रेकच्या दांडीत अडकली. सोनाली पेपरांसकट रस्त्याकडंच्या चरात गेली. गुडघा सोलला, मनगट सुजलं. तिनं पेपर गोळा केले, दवात भिजलेले बाजूला ठेवले आणि उरलेली घरं करूनच परत आली.

त्याच रात्री खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी छातीला वारा लागू देऊ नका म्हणून सांगितलं. बंडप्पांनी दोन दिवस स्वतः मोटारसायकलवरून पेपर टाकले. तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाले, "सोनाली, सोमवारपर्यंत बघतो. माझ्या वयाला हे झेपत न्हाय. सोमवारी तू आलीस तर तुझी लाइन. न्हाय तर मला दुसरं माणूस बघावं लागंल."

"येते अण्णा," सोनाली म्हणाली, आणि पुढचं बोलणं खोकल्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अंधार फिटायच्या आधीच मला कागदाची सळसळ ऐकू आली. हरणाबाईंनाही आली असणार. त्या उठल्या.

"काय करतीस गं?"

"काही न्हाय आत्या. कालचा पेपर हाय." सासूला ती आत्या म्हणायची.

"छातीला लावतीस?"

"ड्रेसच्या आतून लावला की वारं लागत न्हाय. ह्येनीच सांगितलं होतं एकदा. आज जरा लांबवर जाऊन बघते, जमतंय का."

कागद पुन्हा सळसळला, मग सायकलचं स्टँड वाजलं आणि खोकला गल्लीतून दूर गेला.

मग पेटीचं झाकण उघडलं.

मला वाटलं, नेहमीसारखं गळ्याला नाक लावतील. त्यांनी लावलंही. या वेळी फार वेळ लावलं. मग त्या मला घेऊन परसात गेल्या. रात्री भिजत घातलेले रिठे होते, पाणी कोमट केलं आणि मला त्यात बुडवलं. हातांनी दाबत होत्या, पिळत नव्हत्या. पाणी आधी पिवळसर आलं, मग मातकट, मग स्वच्छ. एका आईनं आपल्या लेकाचा वास स्वतःच्या हातानं पाण्यात सोडून दिला. मी बाजेवर वाळत पडलो तेव्हा त्या माझ्याशेजारीच बसून होत्या. रडल्या नाहीत. अधूनमधून फक्त मला उलटं करत होत्या, दोन्ही बाजूंनी ऊन लागावं म्हणून.

शनिवारी सासू-सून दोघी मला घेऊन बाजारगल्लीत आल्या. जाफरभाईंची नजर अधू झाली होती. मशीनवर आता फरिदाबी बसायच्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. काजांवरून बोट फिरवलं.

सोनाली माप द्यायला ताठ उभी राहिली. फरिदाबींनी टेप गळ्यातच ठेवला.

"अशी उभी राहून पेपर टाकतीस का बेटी?"

"न्हाय चाची."

"मग सायकल आण. बसून माप दे."

सायकल दुकानाच्या ओट्याला टेकवली. समोरच्या चहाच्या हॉटेलातले दोघे-चौघे मान वळवून बघायला लागले. सोनाली अवघडली. फरिदाबींनी दारातली पट्टीची चादर ओढून आडोसा केला. "आता कोण बघत न्हाय. हँडल धर. वाक. चढावर वाकतीस तशी."

मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून कोपर, कोपरावरून मनगट, असा हात लांब असतानाच बाहीचा टेप लागला. पाठीचं माप वाकल्यावर घेतलं, थेट कंबरेच्या खाली. छातीचं माप घेताना त्या म्हणाल्या, "श्वास भरून घे. लाजू नको. लाजून दिलेलं माप हिवाळाभर टोचतंय." मग स्वतःची दोन बोटं टेपच्या आत सरकवून बघितली. "आत एक ड्रेस आणि एक पातळ स्वेटर मावला पाहिजे. जास्त ढिलं ठेवलं तर वारं राहतंय. घट्ट केलं तर ऊब राहायला जागाच न्हाय."

हे सगळं मी ऐकत होतो, आणि मला प्रथमच कळलं की इतकी वर्षं सोनालीला कुणी असं विचारलंच नव्हतं. तिनं घातलेलं प्रत्येक गरम कापड दुसऱ्या कुणाच्या मापाचं होतं.

फरिदाबींनी मला टेबलावर पसरलं, खडूनं रेघा मारल्या आणि कात्री हातात घेऊन थांबल्या.

"आक्का," त्या हरणाबाईंना म्हणाल्या, "एकदा लावली की परत जुना व्हायचा न्हाय."

हरणाबाई माझ्याकडं बघत होत्या. "माझा लेक आता थंडीच्या पलीकडं गेला," त्या म्हणाल्या. "ही अजून थंडीत हाय. लावा कात्री."

कात्री लागली. दुखलं की नाही, हे मला सांगता येत नाही. माझे खांदे आत गेले, बगलेतून दोन्हीकडं मोठ्या पट्ट्या निघाल्या. त्यातली एकही फरिदाबींनी फेकली नाही. जे रुंदीतून काढलं ते लांबीत घातलं. बाह्यांना मनगटाशी घट्ट पट्टी आली, पाठीला कंबर झाकणारा पदर आला. पुढं छातीवर कापड दुहेरी केलं आणि पाठीमागं एकेरीच ठेवलं, घाम वाळावा म्हणून. पुढच्या बाजूनं टक्स, म्हणजे आतून शिवलेल्या बारीक चुण्या, घेतले, त्यामुळं बटणं ताणून उघडी पडेनात. काखेत छोटी फट ठेवून तिला हूक लावले. चढाला उघडायचे, उताराला लावायचे. पाठीवर उजेडात चमकणारी चांदीची पट्टी शिवली. आमच्या भागात उसाच्या ट्रॉल्या अंधारात पळतात, त्यांना सायकल दिसली पाहिजे. गळ्याला आतून मऊ कापड लावलं. खाली पडलेले बारीक तुकडे हरणाबाई एकेक करून वेचत होत्या. फरिदाबींनी ते त्यांच्या हातातून घेतले आणि कोपरांच्या आत भरून टाकले. "इथं वारं जास्त लागतंय, आक्का."

सोमवारी पहाटे सोनाली स्टँडवर हजर होती. खोकला पुरता गेला नव्हता. बंडप्पा गठ्ठ्याची दोरी सोडत होते. त्यांची नजर माझ्यावर थांबली. त्यांनी कापड ओळखलं, कारण मला त्यांनी पाच वर्षं रोज बघितलं होतं आणि त्या शेवटच्या सकाळी त्याच बाकावर धरूनही ठेवलं होतं.

"हा अमरनाथचा ना?"

"व्हय अण्णा," सोनाली म्हणाली. "आता माझ्या मापाचा हाय."

बंडप्पांनी मान खाली घातली आणि तिच्या वाट्याचे पेपर मोजून पुढं सरकवले.

त्या दिवशी माळावर वारं होतं. ते माझ्या छातीवर आलं आणि तिथंच थांबलं. पुलाच्या उतारावर तिनं ब्रेक दाबला, बाही जागची हलली नाही. दुसऱ्या वाडीच्या चढाला तिनं हूक उघडले. पावणेसातला शेवटचा पेपर पडला. तिथं एका घराच्या ओट्यावर ती जराशी बसली, बाहेर कुणी नव्हतं, आणि मग ती रडली. नवरा गेल्यावर घरात सगळ्यांना सावरताना तिला रडायला वेळ मिळाला नव्हता. मी तिच्या अंगाला नीट बसलो होतो, त्यामुळं तिचा एकेक हुंदका मला मोजता आला. तिनं बाहीनं डोळे पुसले आणि सायकल वळवली.

त्यानंतर आठ हिवाळे गेले. होळी झाली की हरणाबाई मला ऊन दाखवून, लिंबाचा पाला घालून पेटीत ठेवायच्या आणि नवरात्र संपलं की बाहेर काढायच्या. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्या गेल्या. यंदा होळीनंतर पाला घालायचं कुणाच्या लक्षात आलं नाही आणि मला पाठीवर कसर लागली. अस्तर विरलंय. कोपरं दोनदा बदलली. पेपर आता कमी झालेत, लोक मोबाइलवर वाचतात. सोनाली पेपर टाकते आणि त्याच फेरीत दोन वाड्यांना बेकरीचा पाव पोचवते.

या दिवाळीत तिच्याकडं इरम्मा आली. ती वाडीवरची आशा सेविका, गरोदर बायकांच्या घरी सायकलवरून फिरते. सोबत अंगणवाडीची मदतनीस निखत होती आणि कॉलेजला सायकलनं येणाऱ्या दोन मुली. इरम्मानं विचारलं, "सोनालीताई, हा कोट कुठं विकत मिळतोय? आमी सोलापूरपर्यंत बघून आलो. खांद्यात बसला तर छातीत बसंना, छातीत बसला तर हात पुढं जाईना."

सोनालीनं थोडा विचार केला. "विकत मिळत न्हाय," ती म्हणाली. "पण ह्याच्यावरून बेतता येतोय."

म्हणून आज मी फरिदाबींच्या टेबलावर आहे. नुसतं बाहेरून मोजून चालत नाही, आतले टक्स आणि काखेतल्या फटीची शिवण दिसायला हवी. त्यासाठी मला उसवावं लागणार आहे, आणि उसवल्यावर पुन्हा जोडण्याइतकं माझं कापड राहिलेलं नाही. फरिदाबींनी ते सोनालीला स्पष्ट सांगितलं. सोनालीनं माझ्या बाहीवरून हात फिरवला, मग स्वतःच माझी सहाही बटणं काढून दिली.

डावी बाही आत्ताच सुटली. ती खाकी कागदावर पसरलीय आणि निखत पेन्सिलीनं तिच्या कडेकडेनं रेघ ओढतेय. मुली बाहेर सायकली घेऊन माप द्यायला उभ्या आहेत. त्यातली एक फार लाजतेय, हात अंगाशी धरून बसलीय. पोरी, मागचापुढचा विचार न करता हात हँडलपर्यंत लांब कर. श्वास भरून घे. थंडी तुझ्या अंगाला लागणार आहे, तेव्हा कापडही तुझ्याच अंगाचं असू दे. कुणाचं उरलंसुरलं अंगावर ओढून कुडकुडू नकोस.

आता पाठ उसवतायत. फरिदाबींचा हात हलका आहे. येतो मी.