यशवंतची माती

श्रीरंगच्या प्रबंधाचा विषय निघाला की यशवंत पोट धरून हसायचा. "लेका, ख्रिस्ती मी, आणि आमच्यावर डॉक्टरेट तुझी!" आरंभीचे ख्रिस्ती रोजच्या जगण्यात देहाला कसे वागवत, काय खात, उपास किती करत, मेलेल्याला कसे न्हाऊ घालत, हे शोधताना श्रीरंगने फ्रँकफुर्टच्या ग्रंथालयात डोळे फोडून घेतले होते. देह हा आत्म्याचा तुरुंग नव्हे, शेवटच्या दिवशी तोही उठायचा आहे, हे त्याला तोंडपाठ होते. पण तोंडपाठ असणे वेगळे आणि हाडीमाशी खिळणे वेगळे.

एकसष्टच्या जानेवारीत यशवंत न्यूमोनियाने गेला. दोघे फ्रँकफुर्टजवळ बाड हॉम्बुर्गला एकाच खोलीत राहत. नगरला यशवंतची म्हातारी आई होती आणि धाकटी बहीण सरला लंडनला नर्स. तिला तार गेली, पण वादळामुळे बोटी बंद होत्या. इथे जवळचा म्हणायला श्रीरंगच, म्हणून पास्टरने त्यालाच विचारले, "तर मग, हेर जोशी, दफन की दहन?" हल्ली इथले पुष्कळ लोक दहन करतात, असेही तो म्हणाला.

श्रीरंगच्या डोळ्यांपुढे ती गोठलेली परकी जमीन आली. तिथे याला एकट्याला टाकून जायचे? जीव गेल्यावर मागे राहते ते नुसते कलेवर. अस्थी तरी आईकडे जातील. "दहन," तो म्हणाला. आपण सख्ख्या भावासारखे वागलो, या समाधानात तो घरी येऊन ढसाढसा रडला.

सरला पोचली तेव्हा तिच्या पिशवीत आईने यशवंतसाठी शिवून मागेच तिच्याकडे पाठवलेला पांढरा सदरा होता. "दादा, आंघोळ मी घालणार त्याला. कुठं ठेवलंय?"

श्रीरंगने टेबलाकडे बोट दाखवले. भारतात पाठवायचा अस्थिकलश तिथे ठेवला होता.

ती खाली बसली. सदरा मांडीवर पसरत म्हणाली, "आईला काय सांगू? शेवटच्या दिवशी तो कशात उठणार?"

विद्वानाची जीभ मेली गप्प कशी बसेल! "अगं, तुमच्या आरंभीच्या काही हुतात्म्यांनाही जाळून राख नदीत फेकली होती. देव राखेतूनही उठवील, असं तुमचेच लोक म्हणाले."

"ठाऊक आहे," सदऱ्याची घडी घालत सरला म्हणाली. "पण त्यांना वैऱ्यांनी जाळलं होतं, दादा. यशवंतला तुम्ही जाळलंत."