मागच्या रविवारची दुरुस्ती

पोस्टर छापून आलं. त्यावर धाकट्याचं नाव होतं, त्याचा फोटो होता, सभागृहाचं नाव होतं. एवढंच काय, स्पीकर पुरवणाऱ्या दुकानाचंही नाव होतं. थोरलीचं नव्हतं. तिने पोस्टर उलटं करून मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली. माणूस रागावला की असल्या खुळ्या गोष्टी करतो.

पोस्टर हातात घेऊनच ती वरच्या खोलीत गेली. ही खोली म्हणजे धाकट्या भावाचं राज्य. भिंतीला टेकून एक मोठी लाकडी चौकट, तिच्यात दाटीवाटीने बसवलेले पत्र्याचे छोटे छोटे डबे, प्रत्येक डब्यावर बटणं, भोकं आणि लुकलुकणारे दिवे. याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात. पेटीसारख्या पट्ट्या याला नसतात. एक डबा सूर काढतो, दुसरा त्याला धार लावतो, तिसरा त्याला लांबवतो, आणि कुणी कुणाचं ऐकायचं हे डब्याडब्यांत खुपसलेल्या वायरी ठरवतात. यातले निम्मे डबे धाकट्याने स्वतः सोल्डर करून बनवले होते. त्याला हात होता, त्याला कान होता, हे थोरलीही नाकारत नव्हती. नाकारता येत नव्हतं म्हणूनच तर तिचा जास्त जळफळाट व्हायचा.

कारण डबे कितीही गोड गायले तरी काय गायचं ते त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगायचा थोरलीचा प्रोग्राम. दिवसा ती लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत होती. पाच जणांनी पाच मजल्यांवर बटण दाबलं तर लिफ्टने आधी कुणाकडे जायचं, हे ठरवणारं सॉफ्टवेअर ती लिहायची. घरी येऊन सुरांसाठी तेच करायची. तिच्या प्रोग्राममधून आवाज निघत नसे, नुसते हुकूम निघत: हा सूर, इतक्या जोरात, आता सुरू, आता बंद. या हुकुमांना मिडी म्हणतात. पुढचा हुकूम कुठला हे प्रोग्राम फासे टाकून ठरवायचा, पण ते फासे थोरलीने वर्षानुवर्षं घासून घडवलेले होते. या सुरामागून सहसा तो यावा. तेच तेच होऊ लागलं तर गप्प बसावं. आणि ज्या सुराला बराच वेळ कुणी विचारलेलं नाही, त्याने हट्टाने मध्ये घुसावं. हा शेवटचा नियम तिचा सर्वांत लाडका. का, ते सांगायला ज्योतिषी नको.

प्रोग्राम आणखी एक काम करायचा, आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नसे. धाकट्याचे डबे हवेप्रमाणे बदलायचे. थंडीत एक उतरायचा, उकाड्यात दुसरा चढायचा. म्हणून त्यांच्याकडून एक वायर उलटी कॉम्प्युटरकडे आणलेली होती. प्रोग्राम त्या वायरीतून सतत ऐकायचा, आणि सुराच्या हुकुमासोबत दुरुस्तीही धाडायचा: तू जरा वर ये, तू जरा खाली जा. घरात भांडी कुणी घासली हे जसं घासली नाहीत तेव्हाच कळतं, तसं हे काम.

"माझं नाव कुठाय?" थोरलीने विचारलं.

धाकटा वायरींचा गुंता सोडवत होता. त्याने मान वर केली नाही. "कशावर?"

"तुझ्या कपाळावर! पोस्टरवर, दुसरं कशावर?"

"अगं ताई, जागाच नव्हती."

"स्पीकरवाल्याला जागा होती."

"त्याने स्पीकर फुकट दिलेत."

"आणि मी काय भाडं लावलं होतं?"

आता धाकट्याने मान वर केली. "हे बघ, खरं सांगू? लोक मला बघायला येतात. स्टेजवर मी उभा असतो, वायरी मी लावतो, घाम मी गाळतो. तू काय करतेस? चार दिवस कीबोर्ड बडवतेस आणि मग कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतेस. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर पोस्टरवर नाव पाहिजे!"

तेवढ्यात वाळलेले कपडे घेऊन आई वर आली. "झालं का सुरू? अगं, तू तरी समजून घे. लहान आहे तो."

"छत्तीस वर्षांचा आहे."

"तुझ्याहून लहानच ना?" आई म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली. या घरातले सगळे खटले याच एका कलमाखाली निकाली निघत आले होते.

"ठीक आहे," थोरली म्हणाली. तिने लॅपटॉप मिटला, त्याच्या वायरी काढल्या. "माझा प्रोग्राम मी घेऊन जाते. बघू काय वाजवतोस ते."

तिला वाटलं होतं, आता हा नरमेल. ताई ताई करत मागे येईल, पोस्टर पुन्हा छापू म्हणेल. धाकटा मात्र हसला.

"ने की. मागच्या रविवारी तू वाजवलंस ना, ते मी सगळं रेकॉर्ड करून ठेवलंय."

"आवाज?"

"आवाज कशाला? हुकूम. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे मिडीचे हुकूम, एका फाइलमध्ये. बटण दाबलं की तू इथे बसली आहेस असंच वाजतं. फरक एवढाच, की फाइल तोंड चालवत नाही."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गरज सरो, वैद्य मरो! तेही ती त्याच खोलीत बसलेली असताना, तिच्याच पाठीमागे. आणि रविवार कुठला, तर नेमका तो. त्या दिवशी खिडकीचं तावदान निखळलं होतं, गार वारा आत येत होता, दोघंही अंगावर शाल घेऊन बसली होती आणि प्रोग्राम असा काही रंगला होता की धाकटासुद्धा बटणांवरचे हात काढून नुसता ऐकत राहिला होता. त्या एका तासासाठी तिने त्याचे सतरा अपराध पोटात घातले होते. आणि हा तेव्हा रेकॉर्डिंग करत होता.

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळे हुकूम म्हणजे दुरुस्त्यासुद्धा. त्या दिवशीच्या गारठ्यात उतरलेल्या डब्यांना ज्या दुरुस्त्या प्रोग्रामने धाडल्या, त्या सगळ्या फाइलमध्ये तशाच्या तशा गोठलेल्या असणार. फाइलला काही कान नव्हते. आजचा डबा कसाही असो, ती त्याला मागच्या रविवारचं औषध पाजत राहणार.

"अरे, पण त्या फाइलमध्ये..."

"आता फाइलवर पण नाव पाहिजे का?" धाकटा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. आईलाही हसू आवरलं नाही. तिने ते घडी घातलेल्या टॉवेलात लपवलं. "जा ताई," धाकट्याने वर जोडलं, "तुझ्या लिफ्ट अडकल्या असतील."

थोरलीने लॅपटॉप काखेत मारला. तिने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा त्या टॉवेलाकडे पाहिलं आणि मूग गिळून जिना उतरली.

कार्यक्रमाला ती गेली. आईला वाटलं, लेकीचा राग निवळला. राग कसला निवळतोय! ती भावाचं कौतुक बघायला आली नव्हती, त्याची फजिती बघायला आली होती, तीही अगदी पुढच्या रांगेतून.

सभागृह लहान होतं आणि गच्च भरलं होतं. छत खाली होतं, त्यामुळे दिवे थेट डब्यांवर तापत होते. दुपारी येऊन धाकट्याने एकेक डबा कानाने सुरात लावून ठेवला होता, आणि तो चोख लावला होता. तेवढा तो कसबी होताच. नवा काळा शर्ट घालून तो चौकटीसमोर उभा राहिला, लोकांकडे पाहून किंचित हसला आणि त्याने बटण दाबलं.

पहिला सूर आला आणि त्याचबरोबर पहिली दुरुस्तीही आली. डबा सुरात होता. फाइलने त्याला उतरलेला समजून वर ओढलं. दुसरा सूर आला, त्यालाही ओढलं. न झालेली चूक दुरुस्त होऊ लागली. दोन सूर एकमेकांना घासून असे काही कुरकुरले की धाकट्याच्या मानेची शीर उभी राहिलेली थोरलीला दिसली.

"हं," ती मनात म्हणाली. "आता गा."

धाकट्याने बटण पिळून तो डबा खाली आणला. क्षणभर जमलं. तेवढ्यात फाइलमधून पुढची दुरुस्ती आली आणि डबा पुन्हा भलतीकडे गेला. त्याने दुसरा सावरला तोवर पहिला सुटला. वर दिवे तापत होते, डबे चढत होते. तो या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होता, आणि उकळतं दूध एका शेगडीवर सावरावं तर दुसऱ्या शेगडीवर उतू जावं, तशी त्याची गत झाली होती. त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली. त्याला काही केल्या कळत नव्हतं की आपल्याविरुद्ध कोण वाजवतंय.

थोरलीला आनंद झाला. का खोटं बोला? चांगला पोटभर आनंद झाला. पण तो टिकला नाही. कारण मोडत होतं ते सगळं तिचंच होतं. ही सुरावट तिने ओळखली. ती त्या रविवारी ऐकून तिच्या अंगावर काटा आला होता. आता ती लंगडत आली आणि अर्ध्यात कोसळली. मग कुणी न विचारलेला तो हट्टी सूर आला, तिचा लाडका, आणि तोही इतका वाकडा आला की तिला रडू फुटेलसं झालं. तिच्या पिशवीत लॅपटॉप होता. तो का आणला होता, हे तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. उठावं, वर जावं, एक वायर बदलावी, की तिचा प्रोग्राम सगळ्या डब्यांना सांभाळून घेईल. तिने पिशवीच्या बंदाला हात घातला.

"किती छान वाजवतोय ना?" आई कुजबुजली. "आणि एकट्याने!"

थोरलीने हात काढून घेतला.

शेवटचा सूर खरवडत बंद झाला. सभागृहात चिडीचूप. कुणी खोकलंही नाही. धाकटा घामाने निथळत माइकपाशी आला आणि त्याने थोरलीकडे पाहिलं. लहानपणी घरात काही फुटलं की तो "ताईने केलं" म्हणायचा. तोच चेहरा, तोच घाईचा आवाज.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "आज तुम्ही जे ऐकलंत ते माझं नाही. सगळा प्रोग्राम माझ्या थोरल्या बहिणीचा आहे. सूर तिचे, सगळं तिचं. मी नुसता वायरी लावणारा. ती बघा, पुढेच बसली आहे."

ज्यासाठी तिने इतकी वर्षं जीव आटवला ते हे असं तिच्या अंगावर फेकलं गेलं.

आणि सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की धाकटा दचकून मागे सरला. लोक थोरलीकडे वळून टाळ्या वाजवत होते. मागून कुणीतरी शीळ घातली. आयत्या वेळी दुसऱ्याच्या गळ्यात टाकलेला धोंडा फुलांचा हार निघाला होता, आणि धाकट्याचा चेहरा त्या हिशेबाने पडत चालला होता.

थोरली ताडकन उठली. "हे माझं नाही!" ती ओरडली. "हे बिघडलेलं आहे! हे असं नव्हतं!"

लोक कौतुकाने हसले आणि आणखी जोरात टाळ्या वाजवू लागले.

"जा गं, लाजतेस काय?" आईने तिला पाठीत ढोसलं. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. लेकीसाठी ते पाणी थोरलीने पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यानेच तिचा घात केला. ती पायऱ्या चढून वर गेली.

कार्यक्रम ठेवणाऱ्या बाई धावतच आल्या. "विलक्षण! ते सूर सतत एकमेकांशी भांडत होते, माणूस आवरू बघतोय आणि त्याला आवरत नाहीये! मी शेजाऱ्यांना सांगत होते, हे चुकून होणं शक्यच नाही. मुद्दाम केलंत ना?"

थोरलीने भावाकडे पाहिलं. तो डोळ्यांनीच गयावया करत होता. दिवे तोंडावर होते, टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या, आणि आई समोरच्या रांगेत टाचा उंचावून बघत होती.

"हो," थोरली म्हणाली. "मुद्दाम."

"मला वाटलंच! पुढच्या महिन्यात पुन्हा करायचं. अगदी हेच, एक सूरही न बदलता. पोस्टरवर दोघांची नावं!" बाई फोटोवाल्याला हाका मारत गेल्या.

धाकट्याने सुटकेचा श्वास टाकला आणि बहिणीचा हात धरून वर उचलला. "वाचवलंस," तो हसऱ्या चेहऱ्याने पुटपुटला. "पण झालं काय होतं गं? काही कळतच नव्हतं."

"फाइलमध्ये दुरुस्त्याही होत्या. मागच्या रविवारच्या थंडीच्या."

त्याचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. "तुला माहीत होतं?"

"पोस्टरवरून भांडलो त्याच दिवशी."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगत होते. तू हसलास." तिने समोर आईकडे पाहिलं. "आणि ती पण हसली."

फोटोवाला म्हणाला, जवळ या, आणखी जवळ, छान हसा. दोघं जवळ आली आणि हसली. धाकट्याने तिचा हात सोडला नाही. त्याने तो असा आवळला की तिची बोटं एकमेकांवर चढली. थोरलीने नखं वळवली आणि त्याच्या तळव्यात रुतवली.