सरळ केलेला पृथ्वीगोल

मी शाळेतला पृथ्वीगोल बोलतोय. काचेच्या कपाटात कोंडलंय मला, तेव्हा आवाज जरा दबका येईल. सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. देश-समुद्र छापलेल्या कागदाच्या निमुळत्या पट्ट्या दोघी बहिणी खळ लावून माझ्या अंगावर चिकटवायच्या आणि तोंडाने सासूची उणीदुणी काढायच्या. समुद्रात सुरकुती पडली की धाकटी म्हणायची, राहू दे गं, लाट समजतील. शेवटी म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला पितळी कमानीत बसवलं, तेही तिरकं. साडेतेवीस अंश, त्यात रेघभर इकडेतिकडे चालायचं नाही. त्या तिरकेपणाचा मला भारी तोरा होता.

शाळेत मी भूगोलाच्या बाईंच्या ताब्यात आलो. बाई कडक, पण मला स्वतःच्या रुमालाने पुसायच्या. दरवर्षी नव्या वर्गाला त्या विचारायच्या, याच्यात खोट काय आहे? कुणीतरी हमखास म्हणायचं, वाकडा आहे. एका वर्षी जाड भिंगांचा एक मुलगा उठला. सगळे त्याला ढापण्या म्हणायचे. त्याने माझ्या बुडाखाली एका बाजूने पुस्तकं सारली आणि मला चक्क ताठ केलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खिडक्या लावल्या, टेबलावर दिवा ठेवला आणि मला तसंच ताठ धरून दिव्याभोवती चक्कर मारली.

"आता शोध बरं, उन्हाळा कुठे गेला?"

ढापण्या बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "गेलाच, बाई. हिवाळाही गेला." त्याचे डोळे भरून आले होते. बाईंनी त्याच्याच हातून मला पुन्हा तिरकं करवलं. त्या दिवसापासून ते पोर माझं फार लाडकं झालं.

पुढे दिवस फिरले. भूगोलाचे तास कमी झाले, गुण अर्धे झाले, मग तो दुसऱ्या विषयाच्या शेपटीला बांधला गेला. कॉलेजातला भूगोल तर मुलं नाहीत म्हणून बंदच पडला. म्हणजे बाईंच्या मागे शिकवणारं कुणी तयारही होणार नव्हतं. बाई पालकांच्या घरोघर फिरल्या. पालक म्हणायचे, नकाशा तर फोनमध्येच असतो, मग हे कशाला? बाई सांगायच्या, फोन रस्ता दाखवतो, पण गाव तिथेच का वसलं आणि उद्या त्याला पाणी कुठून येणार, हे माणसालाच कळायला हवं. पालक मान डोलवायचे आणि मुलाला दुसरा विषय घ्यायला लावायचे. पालथ्या घड्यावर पाणी!

अशात नवे मुख्याध्यापक आले. चष्म्यावरूनच मी ओळखलं, आपला ढापण्या! म्हटलं, वाचला भूगोल. बाईंना बघून तो खुर्चीतून उठला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला की वरून आदेश आहे, माझे हात बांधलेले आहेत. भूगोलाच्या खोलीत संगणक आले. सामान हलवताना मी पडलो, कमान मोडली. सुताराला बोलावलं. गडी कामाला चोख. ओळंबा लावून त्याने मला ताठ बसवलं आणि वर पॉलिशही केलं.

तेव्हापासून मी ऑफिसच्या दाराशी या कपाटात आहे. पाहुणे येतात, वा म्हणतात, जातात. कुणाच्या तरी डोळ्यांत मी सलेन म्हणून वाट बघत होतो. कुणालाच सललो नाही हो.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी बाई निरोप घ्यायला आल्या आणि कपाटापाशी थबकल्या. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. इतके दिवस त्या मुख्याध्यापकाला सर म्हणायच्या. आता दारातूनच म्हणाल्या,

"ढापण्या, इकडे ये. याच्याकडे नीट बघ."

त्याने चष्मा सावरला, वाकून बघितलं. माझा जीव टांगणीला लागला.

"छान झालाय ना, बाई? आधी वाकडा होता. मीच सरळ करून घेतला."

त्याचा फोन वाजला, तो आत गेला. मग बाईंनी आपली मान खांद्याकडे कलती केली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढा वेळ मी पुन्हा पृथ्वी होतो. मग त्या गेल्या.

मला इथे त्रास काहीच नाही. धूळसुद्धा बसत नाही. कधी शाळेत आलात तर कपाटाची किल्ली मागा. नाहीच मिळाली, तर निदान बाईंसारखी मान कलती करून माझ्याकडे बघा.