तेरा दिवस न हललेली नळी

माझी बायको कौमुदी गेली त्या दिवशी मी तात्यापाऱ्याच्या बाजारात मिक्सर दुरुस्त करून घेत होतो. तिची विद्यार्थिनी रीना हिचा फोन आला. मॅडम प्रयोगशाळेत कोसळल्या, दवाखान्यात नेलं आहे, लगेच या, एवढंच ती बोलली. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. मिक्सर माझ्या हातातच होता.

कौमुदी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. मी रेल्वेच्या मालगोदामात कारकून होतो, तिच्या कामातलं मला थोडंच कळायचं. फॉस्फरस असलेली सेंद्रिय संयुगं ती बनवायची आणि ती निकेलसारख्या धातूला कशी धरून ठेवतात ते पाहायची. घरी आली की साडीला त्या संयुगांचा लसणासारखा वास यायचा. शेजारच्या शांताबाई विचारायच्या, "मॅडम, कॉलेजात फोडणी देऊन राहिल्या का?"

तीन वर्षं तिचं आणि रीनाचं काम एकाच जागी अडलं होतं. निकेलचं नारिंगी संयुग तयार व्हायचं, पण त्याची नुसती भुकटी मिळायची. फॉस्फरसनं निकेलला नेमकं कसं धरलं आहे हे दाखवायला एक चांगला स्फटिक हवा होता. त्याशिवाय रीनाचा प्रबंध पूर्ण होणार नव्हता. काचेच्या बारीक नळीत खाली द्रावण घ्यायचं, वरून दुसरा द्रव हळूच सोडायचा आणि वाट पाहायची. हे वाट पाहणंच कौमुदीला जमायचं नाही. रोज सकाळी ती नळी उचलून उजेडात धरायची. घरी भाताचंही तसंच. दर दोन मिनिटांनी झाकण काढायची, आणि मग आम्ही कच्चा भात खायचो.

तेरवी झाल्यावर मी तिचा चष्मा आणि डबा आणायला कॉलेजात गेलो. कौमुदी गेली त्या दिवशी रीनानं प्रयोगशाळेला लावलेलं कुलूप तसंच होतं. एकटीनं आत जायची तिला हिंमत होत नव्हती. आम्ही दोघं आत गेलो.

खिडकीपासून लांब, कपाटात, लाकडी ठोकळ्यात एक नळी उभी होती. तिच्यावर कौमुदीच्या अक्षरात तारीख होती, ती गेली त्याच दिवसाची. मी हात पुढे केला.

"काका, हाथ मत लगाइए."

"काहून? मी फोडून नाही राहिलो."

"मॅडम भी यही बोलती थीं."

आम्ही वाकून पाहिलं. नळीच्या मधोमध काचेला नारिंगी खडे धरले होते. खडीसाखरेसारखे, पण मोहरीएवढे.

"तेरह दिन किसी ने हिलाया नहीं," रीना म्हणाली. "बस इतनी सी बात थी, काका."

"तिले सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं तिनं."

"मैंने बोला था. डाँट खाई थी."

मला हसू आलं. रीनाही डोळे पुसत हसली.

त्यातला एक खडा तिनं तपासणीला बाहेर पाठवला. महिन्याभरानं ती गुढियारीतल्या तिच्या घरून स्कूटीवर आमच्याकडे आली आणि तपासणीतून आलेलं चित्र माझ्यापुढे ठेवलं. मधे निकेल, त्याला धरून दोन फॉस्फरस. कौमुदीनं मला जेवताना बोटांनी दाखवलं होतं तसंच. मी चहा टाकला. रीना दोन कप प्यायली आणि तासभर मला समजावत बसली. निम्मं कळलं. तो दिवस चांगला गेला.

रीनाच्या प्रबंधातलं ते प्रकरण आता लिहून झालं आहे. निकेलनंतर कौमुदीला पॅलेडियमचं संयुग करायचं होतं. त्याला अजून कुणी सुरुवात केलेली नाही.